रीस्टार्टनंतर व्हॉल्यूम गायब: लिनक्स सर्व्हरला जोडलेली डिस्क माउंट होत नसेल तर काय तपासावं

सर्व्हरला वेगळं व्हॉल्यूम (म्हणजे जादा डिस्क) जोडलं, फॉरमॅट केलं, माउंट केलं (म्हणजे एका फोल्डरवर बसवलं), डेटा टाकला. काही महिने सगळं सुरळीत. मग एक दिवस कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) अपडेट येतो, सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि व्हॉल्यूम जागेवर नसतं. हे दुखणं मी आजवर अनेकदा निस्तरलं आहे, आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळली: डिस्क ठणठणीत असते, डेटाही जागच्या जागी असतो, तुटलेली असते ती फक्त डिस्कपर्यंत पोचण्याची वाट. डेटा खरोखर जातो तो पुढच्या अर्ध्या तासात, कुणीतरी घाबरून भलतीच कमांड दिल्यामुळे. म्हणून खालची तपासणी मुद्दाम अशा क्रमाने लावली आहे की आधी नुसतं बघायचं, डिस्कवर काहीही लिहायची वेळ अगदी शेवटी यावी.

एक खुलासा. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन अक्षरांतच टंकायची, आणि वेगळं सांगितलं नसेल तर लहान लिपीत (स्मॉल लेटर्समध्ये). व्हॉल्यूम /डेटा या फोल्डरवर बसवायचं आहे असं सगळीकडे धरलं आहे.

लक्षणं

- सर्व्हर सुरू होतो, लॉगिनही होतं, पण /डेटा रिकामं दिसतं.
- सुरू होताना ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ ही ओळ दीड मिनिट रेंगाळते आणि मग ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ असं येतं.
- एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) सर्व्हर लागतच नाही, कंट्रोल पॅनेलवर मात्र तो चालू दिसतो.
- माउंट करताना ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ अशी लांबलचक तक्रार येते.
- माउंट कमांड काहीच तक्रार करत नाही, तरी फोल्डर रिकामंच.
- काल एसडीबी नावाने दिसणारी डिस्क आज एसडीसी झाली आहे.
- रूट डिस्क (जिच्यावर लिनक्स स्वतः असतं ती) भरत चालली आहे, पण फाइलींची बेरीज केली तर तेवढी भरत नाही.
- लिहायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’.

शेवटचं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. ते दिसत असेल तर मधलं सगळं सोडून थेट ‘फाइल सिस्टमच दुखावली असेल तर’ या भागाकडे जा.

काहीही करण्याआधी

एमकेएफएस या नावाने सुरू होणारी, म्हणजे फॉरमॅट करणारी, कोणतीही कमांड आज द्यायची नाही. वाइपएफएस -ए द्यायची नाही. एफएससीके किंवा एक्सएफएस_रिपेअर या दुरुस्तीच्या कमांड इतक्यात चालवायच्या नाहीत. ‘डिस्क नवी असल्यासारखी दिसतेय, एकदा फॉरमॅट करून बघू’ हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकलं, त्यातल्या बऱ्याच वेळा त्या डिस्कवर लोकांचा डेटा होता.

या बाबतीत मी इतका कडक का, तेही सांगतो. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या लिनक्सच्या नेहमीच्या दोन फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती). दोन्हींची फॉरमॅट करणारी साधनं एसएसडीला आधीच सांगून टाकतात की इथले सगळे ब्लॉक आता मोकळे समज. त्याला डिस्कार्ड म्हणतात आणि तो आपोआप होतो. जुन्या फिरत्या डिस्कवर फॉरमॅटनंतरही बरंच काही उकरून काढता यायचं. एसएसडीवर किंवा क्लाउडच्या व्हॉल्यूमवर ती आशा फारशी उरत नाही.

स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची या क्षणाची प्रत) घेण्याची सोय असेल तर आत्ताच घ्या. काही मिनिटं जातील, पण पुढची प्रत्येक पायरी निर्धास्तपणे करता येईल.

पहिली तपासणी: फोल्डर रिकामं आहे की त्यावर काही माउंटच नाही?

फाइंडएमएनटी /डेटा

काहीच उत्तर आलं नाही तर /डेटावर व्हॉल्यूम बसलेलंच नाही. तुम्हाला दिसतंय ते रूट डिस्कवरचं साधं रिकामं फोल्डर. हा फरक आधी ओळखायचा, कारण माउंट पॉइंट म्हणजे दुसरंतिसरं काही नसून एक फोल्डरच असतं. व्हॉल्यूम बसलं की त्याच्या आतलं दिसतं, नाही बसलं की खालचं मूळ फोल्डर दिसतं. लिनक्स दोन्ही वेळा सारखंच गप्प असतं.

हे एकदा फार जवळून पाहिलं. एका सर्व्हरवर डेटाबेस वेगळ्या व्हॉल्यूमवर होता. रात्री रीस्टार्ट झाला, व्हॉल्यूम बसलं नाही, आणि डेटाबेस चालू करणाऱ्या स्क्रिप्टला फोल्डर रिकामं दिसल्यावर तिने इमानेइतबारे नवा कोरा डेटाबेस तयार केला. सकाळी लोक कामाला लागले. जुन्या नोंदी दिसेनात, पण नव्या भरता येत होत्या, म्हणून कुणी फारसा आरडाओरडा केला नाही. दोन दिवसांनी मला बोलावलं तेव्हा बॅकअप परत चढवायची तयारी चालली होती. चढवला असता तर दोन दिवसांच्या नोंदी गेल्या असत्या, आणि बॅकअप घेतल्यानंतर रीस्टार्टपर्यंत झालेलं कामही गेलं असतं. प्रत्यक्षात जुना डेटा व्हॉल्यूमवर शाबूत होता आणि नवा रूट डिस्कवर.

आम्ही डेटाबेस थांबवला, नवं फोल्डर दुसऱ्या नावाने बाजूला ठेवलं, व्हॉल्यूम माउंट केलं आणि दोन दिवसांच्या नोंदी वेगळ्या काढून मूळ डेटाबेसमध्ये मिसळल्या. एक अक्षरही गेलं नाही. गेलं असतं ते केवळ एका घाईच्या निर्णयाने.

तुमच्याकडेही असं झालं असावं अशी शंका असेल आणि आता व्हॉल्यूम वर बसलेलं असेल, तर खाली दडलेलं असं बघता येतं:

एमकेडीआयआर /एमएनटी/रूट
माउंट --बाइंड / /एमएनटी/रूट
एलएस -एलए /एमएनटी/रूट/डेटा

बाइंड माउंट रूट डिस्क दुसऱ्या वाटेने दाखवतो, त्यामुळे /डेटाच्या खाली झाकलेल्या फाइली उघड्या पडतात. रूट डिस्क भरलेली, पण फाइलींची बेरीज कमी, या कोड्याचं उत्तर अनेकदा इथेच मिळतं. इथे नाही मिळालं तर पुसलेल्या, पण एखाद्या चालू प्रोग्रॅमने धरून ठेवलेल्या फाइली बघा.

दुसरी तपासणी: कर्नलला डिस्क दिसते का?

एलएसबीएलके -एफ

ही कमांड फक्त वाचते, काही बदलत नाही. कितीही वेळा चालवा. तिच्या उत्तरात प्रत्येक डिस्क, तिची पार्टिशनं (डिस्कचे भाग), फाइल सिस्टमचा प्रकार, लेबल, यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळखक्रमांक) आणि माउंट पॉइंट दिसतो. पुढची दिशा या एका तक्त्यावरून ठरते.

*डिस्क यादीतच नाही.* मग एफस्टॅब (सुरू होताना काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेली फाइल) बघण्यात अर्थ नाही, दोष त्याच्या अलीकडे आहे. क्लाउडवर असाल तर व्हॉल्यूम खरंच याच सर्व्हरला जोडलेलं आहे का ते पॅनेलवर पाहा. सर्व्हर नव्याने उभा केला की जुन्याला जोडलेलं व्हॉल्यूम आपोआप मागे येतंच असं नाही. व्हॉल्यूम आणि सर्व्हर एकाच झोनमध्ये असावे लागतात, ही अट बऱ्याच ठिकाणी असते. प्रत्यक्ष डिस्क असेल तर केबल, वीज आणि यूएसबी पेटीचा अडॅप्टर पाहा. हब मधून काढून डिस्क थेट सर्व्हरला लावून बघा. वीज कमी पडल्यामुळे मध्येच सुटणाऱ्या डिस्का मी पुष्कळ पाहिल्यात.

त्यानंतर कर्नल काय म्हणतो ते वाचा:

जर्नलसीटीएल -के -बी

या सुरुवातीपासूनचे कर्नलचे सगळे निरोप इथे मिळतात. डिस्क जोडली तेव्हा एक ओळ यायला हवी. ओळच नसेल तर डिस्क सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. ओळ आली आणि लगेच ‘डिस्कनेक्ट’ किंवा ‘आय/ओ एरर’ आलं तर केबल, पेटी किंवा डिस्क यांपैकी एक संशयित.

चालू सर्व्हरला स्कझी डिस्क जोडली आणि दिसत नाही, तर बस पुन्हा धुंडाळायला सांगता येतं. /सिस/क्लास/स्कझी_होस्ट/ या फोल्डरात होस्ट० वगैरे असतात. त्यातल्या स्कॅन फाइलमध्ये तीन डॅश, मध्ये एकेक जागा सोडून, लिहायचे. तीन डॅश म्हणजे कुठलंही चॅनेल, कुठलंही टार्गेट, कुठलंही लन (टार्गेटमधल्या डिस्कचा क्रमांक). रीस्टार्ट न करता डिस्क पुढे येते.

आयस्कझी (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) असेल तर ‘आयस्कझीएडीएम -एम सेशन’ने सेशन आहे का ते पाहा. सेशन नसेल तर टार्गेटच्या (डिस्क पुरवणाऱ्या यंत्राच्या) ३२६० पोर्टपर्यंत पोचता येतं का ते तपासा, आणि नोडचं स्टार्टअप ‘ऑटोमॅटिक’ केलं आहे का तेही. हाताने केलेलं लॉगिन रीस्टार्टनंतर टिकत नाही, हे लोक विसरतात.

*डिस्क दिसते, पण फाइल सिस्टमचा रकाना रिकामा.* इथे सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. थांबा. फाइल सिस्टम थेट डिस्कवर नसून पार्टिशनवर असू शकते, म्हणजे एसडीबीच्या ओळीत काही नाही, पण एसडीबी१ च्या ओळीत आहे. ‘बॅड सुपरब्लॉक’ची तक्रार कित्येकदा एवढ्यानेच येते: एसडीबी१ ऐवजी एसडीबी माउंट करायला गेलात. दोन्हीकडे काहीच नसेल तर

फाइल -एस /डेव्ह/एसडीबी

असं विचारा. उत्तर नुसतं ‘डेटा’ आलं तर ओळखीची सही सापडली नाही. व्हॉल्यूम आजच नवं घेतलं असेल तर ते अपेक्षितच आहे आणि त्याला फॉरमॅट करावं लागेलच. पण त्यावर काल फाइली होत्या असं तुम्हाला पक्कं माहीत असेल, तर इथून पुढे स्वतः काही करू नका. कुणाला बोलवायचं ते शेवटी लिहिलं आहे.

*रकान्यात वेगळंच नाव.* एलव्हीएम२_मेंबर, क्रिप्टो_लक्स किंवा लिनक्स_रेड_मेंबर दिसलं तर डेटा आणखी एका थराआड आहे: एलव्हीएम डिस्कांची जागा एकत्र करून वाटतं, लक्स डेटा कुलूपबंद करतं, रेड अनेक डिस्का एकीसारख्या चालवतं. एलव्हीएमसाठी व्हीजीचेंज -एवाय, लक्ससाठी क्रिप्टसेटअप ओपन, रेडसाठी एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन. थर उघडला की एलएसबीएलके पुन्हा चालवा, खाली नवी ओळ आलेली दिसेल आणि माउंट ती करायची. लक्स उघडलं की आत पुन्हा एलव्हीएम निघतं, असंही होतं, तेव्हा एकच थर असेल असं धरून चालू नका.

*सगळं जागेवर आहे, फक्त माउंट पॉइंट रिकामा.* छान. माझ्याकडे आलेल्या बहुतांश तक्रारी इथल्याच. पुढची तपासणी तुमच्यासाठी आहे.

तिसरी तपासणी: एफस्टॅबमधली ओळ

/ईटीसी/एफस्टॅब उघडा आणि आपली ओळ शोधा. ओळच नसेल तर उत्तर सापडलं: हाताने केलेलं माउंट रीस्टार्टपर्यंतच टिकतं.

ओळ आहे, पण सुरुवातीला /डेव्ह/एसडीबी१ असं नाव आहे? मग हेच मूळ दुखणं. एसडीबी, एसडीसी ही नावं डिस्कची स्वतःची नसतात. कर्नलला ज्या क्रमाने डिस्का सापडतात त्या क्रमाने तो ती वाटत जातो. एक डिस्क वाढली, एक कमी झाली, एखादी उशिरा जागी झाली की नावं सरकतात. क्लाउडवर तर पॅनेलवर एक नाव आणि आत दुसरंच, असंही होतं: तिथे एसडीएफ लिहिलेलं असतं, आत एक्सव्हीडीएफ, व्हीडीबी किंवा एनव्हीएमई१एन१ असं काहीतरी सापडतं. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे नाव सरकून भलतीच डिस्क /डेटावर बसणं. तेव्हा एररही येत नाही.

यूयूआयडी मात्र फाइल सिस्टमच्या आत लिहिलेला असतो. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, तो तोच राहतो. म्हणून ओळ अशी असावी:

यूयूआयडी=(एलएसबीएलकेने दाखवलेला) /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३० ० २

यूयूआयडी हा शब्द इथे मोठ्या लिपीत. शेवटच्या दोन आकड्यांपैकी दुसरा म्हणजे सुरू होताना एफएससीकेचा क्रम: रूटला १, बाकीच्या ईएक्सटी४ ना २, एक्सएफएसला ०. नोफेल म्हणजे व्हॉल्यूम नसलं तरी सर्व्हर अडून बसू नको. ते नसेल तर सिस्टमडी (सर्व्हर सुरू होताना सगळं उभं करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट पाहतो आणि मग सगळा सर्व्हरच इमर्जन्सी मोडमध्ये नेतो. लक्षणांतलं दीड मिनिट ते हेच. नेटवर्कवरून येणाऱ्या आयस्कझी व्हॉल्यूमला _नेटडेव्ह हाही पर्याय जोडा, म्हणजे नेटवर्क उभं राहण्याआधी त्याला शोधायला कुणी जाणार नाही.

इथल्या चुका ठरलेल्या असतात. बीएलकेआयडी या यूयूआयडी दाखवणाऱ्या कमांडच्या उत्तरात यूयूआयडी आणि पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा क्रमांक) शेजारी शेजारी येतात आणि घाईत दुसराच उचलला जातो. कॉपी करताना शेवटचं अक्षर राहून जातं. ३६ खुणांचा तो, त्यात चार डॅश, मोजून पाहा. प्रकाराच्या जागी एक्सएफएस ऐवजी ईएक्सटी४ लिहिलेलं असतं. किंवा मधल्या काळात कुणीतरी व्हॉल्यूम पुन्हा फॉरमॅट केलेलं असतं. फॉरमॅट केलं की यूयूआयडी नवा होतो आणि एफस्टॅबमधला जुना निकामी ठरतो.

दुरुस्ती केल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. आधी हे तीन, याच क्रमाने:

फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
माउंट -ए

पहिली कमांड एफस्टॅबमधल्या चुका जागच्या जागी दाखवते. मधलीवर मात्र थोडं थांबतो, कारण ‘माउंट कमांड तक्रार करत नाही, तरी फोल्डर रिकामंच’ या लक्षणाचं उत्तर तिच्यात आहे आणि त्यात लोकांचे तासन्‌तास गेलेले मी पाहिले आहेत. सिस्टमडी एफस्टॅब वाचून प्रत्येक ओळीसाठी स्वतःचं एक माउंट युनिट बनवून ठेवतो. तुम्ही एफस्टॅब बदललंत, पण त्याला सांगितलं नाहीत, तर त्याच्या लेखी /डेटा अजून जुन्या डिस्कला बांधलेलं असतं. ती डिस्क तर नाही. म्हणून तुम्ही नवं व्हॉल्यूम माउंट केलंत की तो ते क्षणात उतरवतो. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) ‘इज बाउंड टू इनॅक्टिव्ह युनिट’ आणि पुढे ‘स्टॉपिंग, टू’ अशी ओळ दिसली की समजा, हेच आहे. डीमन-रीलोड दिलं की प्रश्न मिटतो.

सर्व्हरच इमर्जन्सी मोडमध्ये अडकला असेल

कन्सोलवरून रूटचा (इथे रूट म्हणजे सर्व्हरचा मुख्य वापरकर्ता) पासवर्ड देऊन आत जा. रूट डिस्क तिथे फक्त वाचण्यापुरती बसलेली असू शकते, म्हणून

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

आणि मग एफस्टॅबमधली ती ओळ # लावून तात्पुरती बंद करा. ओळ पुसू नका, जुना यूयूआयडी पुढे तपासायला लागतो. रीस्टार्ट करा, सर्व्हर उठू द्या आणि व्हॉल्यूमचं निवांतपणे बघा.

क्लाउडवरच्या सर्व्हरवर इथेही वाट बंद असू शकते: ‘द रूट अकाउंट इज लॉक्ड’ असं सांगून कन्सोल परत पाठवतो, कारण रूटला पासवर्ड ठेवलेलाच नसतो. मग सर्व्हर बंद करायचा, त्याची रूट डिस्क सोडवून दुसऱ्या चालू सर्व्हरला जोडायची, तिथे माउंट करून एफस्टॅब दुरुस्त करायचं आणि डिस्क परत आपल्या जागी लावायची. वेळ लागतो, पण अवघड काही नाही.

यात एक खाच आहे. दोन्ही सर्व्हर एकाच इमेजवरून बनले असतील तर दोन्ही रूट डिस्कांचा यूयूआयडी एकच असतो. एक्सएफएस असेल तर माउंट सरळ नकार देतो, आणि कर्नलच्या निरोपात ‘डुप्लिकेट यूयूआयडी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तेवढ्यापुरतं माउंट -ओ नोयूयूआयडी वापरा. यूयूआयडी बदलू नका, कारण त्या सर्व्हरचं स्वतःचं एफस्टॅब आणि बूटलोडर त्याच यूयूआयडीला शोधतात. आणि अशी जुळी डिस्क जोडलेली असताना मदतीला घेतलेला सर्व्हर चुकूनही रीस्टार्ट करू नका. तो भलत्याच डिस्कवरून उठू शकतो.

स्नॅपशॉटवरून बनवलेलं डेटा व्हॉल्यूम मूळ व्हॉल्यूमच्याच सर्व्हरला जोडलं तरी हीच अडचण येते. ती प्रत कायम तिथेच ठेवायची असेल तर मात्र तिला नवा यूयूआयडी द्यायला हवा: एक्सएफएससाठी एक्सएफएस_अ‍ॅडमिन, मोठ्या लिपीतला -यू आणि पुढे जनरेट, ईएक्सटी४ साठी ट्यून२एफएस, तोच मोठा -यू आणि पुढे रँडम. व्हॉल्यूम उतरवलेलं असताना, आणि कुठली डिस्क प्रत आहे याची दोनदा खात्री करून. एक्सएफएसची प्रत आधी एकदा नोयूयूआयडीने माउंट करून नीट उतरवा, म्हणजे तिचा लॉग (अजून जागेवर न लिहिलेल्या बदलांची नोंद) रिकामा होतो आणि बदल मान्य होतो.

नोफेल लावल्यावर उरणारं काम

नोफेल लावा असं सगळेच सांगतात आणि तिथेच थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. नोफेलमुळे सर्व्हर अडत नाही हे खरं, पण व्हॉल्यूमची वाटही कुणी पाहत नाही. डेटाबेस व्हॉल्यूमच्या आधी उठू शकतो, आणि मग वर सांगितलेला कोऱ्या डेटाबेसचा प्रसंग तुमच्याकडे घडतो. म्हणून ज्या सर्व्हिसला /डेटा लागतं तिच्या युनिट फाइलमध्ये, युनिट या विभागात, एक ओळ टाका:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा

ही ओळ रिक्वायर्स, माउंट्स आणि फॉर हे तीन शब्द सलग जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहायची. युनिट बदलताना सिस्टमसीटीएल एडिट वापरा, म्हणजे पॅकेज अपडेट झालं तरी बदल टिकतो. आता व्हॉल्यूम नसेल तर सर्व्हर उठेल, एसएसएच चालेल, पण डेटाबेस उठणार नाही. तो बंद दिसलेला परवडतो, रिकाम्या फोल्डरवर चालू झालेला परवडत नाही.

दुसरा बंदोबस्त त्याहून सोपा. व्हॉल्यूम उतरवलेलं असताना खालच्या मूळ फोल्डरला

सीएचअ‍ॅटर +आय /डेटा

अशी खूण करा. मग त्या रिकाम्या फोल्डरात रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही, व्हॉल्यूम मात्र त्यावर नेहमीसारखं बसतं. मी हे प्रत्येक सर्व्हरवर करतो.

माउंट झालं, तरी काम होत नाही

‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर मालकी पाहा. नव्या फाइल सिस्टमचं वरचं फोल्डर रूटच्या मालकीचं असतं. माउंट करण्याआधी सीएचओन केलंत तर ती मालकी खालच्या फोल्डरला लागली, व्हॉल्यूमला नाही. माउंट केल्यावर पुन्हा करा. रेड हॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरवर मालकी बरोबर असूनही नकार येत असेल तर एसईलिनक्सची (जादा सुरक्षेच्या व्यवस्थेची) लेबलं एलएस आणि मोठ्या लिपीतला -झेड देऊन पाहा. एसईलिनक्स बंद करून टाकणं हा उपाय नव्हे.

उतरवताना ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर एफयूजर -व्हीएम /डेटा कोण धरून बसलंय ते सांगतं. बऱ्याचदा तुमचंच दुसरं टर्मिनल त्या फोल्डरात उभं असतं. यूमाउंट -एलने सुटल्यासारखं वाटतं, पण त्यात व्हॉल्यूम फक्त नजरेआड होतं, फाइली उघड्या असलेले प्रोग्रॅम लिहीतच राहतात. तेवढ्यात पॅनेलवरून व्हॉल्यूम सोडवलंत तर अर्धवट लिहिलेलं कायमचं जातं.

पॅनेलवर आकार वाढवला, पण डीएफला (मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडला) जुनाच दिसतो, हा दोष नाही. पार्टिशन असेल तर ग्रोपार्ट, मग ईएक्सटी४ ला रिसाइझ२एफएस, एक्सएफएसला एक्सएफएस_ग्रोएफएस. दोन टेबीबाइटच्या वर जायचं असेल आणि डिस्कवर जुनं एमबीआर पार्टिशन टेबल असेल तर पार्टिशन त्यापुढे वाढत नाही, ५१२ बाइटच्या सेक्टरमुळे ती त्याची मर्यादाच आहे. जीपीटी हे नव्या पद्धतीचं टेबल लागेल.

फाइल सिस्टमच दुखावली असेल तर

चालू असताना व्हॉल्यूम अचानक ‘रीड-ओन्ली’ झालं तर कर्नलने ते डेटा वाचवण्यासाठी केलं आहे. रीमाउंट करून पुन्हा लिहिता करणं म्हणजे त्या बचावावर पाणी टाकणं. आधी जर्नलसीटीएल -के -बी मध्ये कारण वाचा. त्यात ‘आय/ओ एरर’ असेल तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या वाटेत आहे. एफएससीकेने तो जाणार नाही, उलट आजारी डिस्कवर ताण वाढेल.

प्रत्यक्ष डिस्क असेल तर स्मार्टसीटीएल -ए चं उत्तर पाहा. सॅटा डिस्कवर क्रमांक ५, बदललेले सेक्टर, आणि क्रमांक १९७, अडकून पडलेले सेक्टर, यांचे आकडे वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. नुसता १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला. तो आकडा डिस्क आणि सर्व्हर यांच्यामधल्या चुकीच्या देवाणघेवाणीचा असतो, आणि एका केबलने सुटलेल्या अशा तक्रारी मी कित्येक पाहिल्या.

आय/ओ एरर नाहीत, डिस्क निरोगी आहे, पण व्हॉल्यूम अर्धवट सुटलं होतं किंवा वीज गेली होती, तर तपासणी करता येते. व्हॉल्यूम आधी उतरवायचं. माउंट केलेल्या व्हॉल्यूमवर एफएससीके चालवली तर नसलेला बिघाडही तयार होतो. पहिली फेरी नेहमी -एन लावून:

एफएससीके -एन /डेव्ह/एसडीबी१
एक्सएफएस_रिपेअर -एन /डेव्ह/एसडीबी१

पहिली ईएक्सटी४ साठी, दुसरी एक्सएफएससाठी. दोन्ही फक्त सांगतात, हात लावत नाहीत. दोन-चार किरकोळ दोष निघाले आणि स्नॅपशॉट किंवा बॅकअप हाताशी असेल तर -एन काढून दुरुस्ती करा. पडदाभर ओळी वाहायला लागल्या तर तिथेच थांबा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिस्कमधून टकटक किंवा खरखर येत असेल तर ती बंद करा आणि ‘एकदाच’ म्हणूनही पुन्हा चालू करू नका. ही डिस्क डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे जायला हवी.

डेटा असलेलं व्हॉल्यूम चुकून फॉरमॅट झालं असेल तर ते लगेच उतरवा, त्यावर काही लिहू नका, आणि जाणकाराच्या आधी बॅकअप सांभाळणाऱ्याला गाठा.

एक्सएफएस_रिपेअरने मोठ्या लिपीतला -एल वापरायला सुचवलं तर एकट्याने निर्णय घेऊ नका. तो पर्याय न लिहिला गेलेला लॉग फेकून देतो आणि शेवटच्या काही क्षणांचे बदल त्यात जाऊ शकतात. कधीकधी तोच एक मार्ग उरतो, पण आधी पूर्ण डिस्कची प्रत हवी.

रेडमधल्या एकाहून जास्त डिस्का एकदम बाहेर पडल्या असतील, एलव्हीएममधली एखादी डिस्क सापडत नसेल, किंवा लक्स बरोबर पासवर्ड देऊनही उघडत नसेल, तर --फोर्स आणि --क्रिएट असे शब्द टंकू नका. लक्सचा हेडर मोडला आणि त्याची प्रत ठेवलेली नसेल तर किल्लीच गेली, मग पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही.

व्हॉल्यूम क्लाउडचं असेल, पॅनेलवर ते ‘जोडतो आहे’ किंवा ‘सोडवतो आहे’ अशा अवस्थेत बराच वेळ अडकलं असेल, तर ते तुमच्या हातातलं नाही. सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा.

ज्याला बोलवाल त्याच्यासाठी चार गोष्टी आधी फाइलमध्ये काढून ठेवा, दुखऱ्या डिस्कवर नव्हे, दुसरीकडे: एलएसबीएलके -एफ चं उत्तर, एफस्टॅबची प्रत, जर्नलसीटीएल -के -बी चं पूर्ण उत्तर, आणि तुम्ही आत्तापर्यंत दिलेल्या कमांडांची यादी, दिल्या त्याच क्रमाने. यादीत चुकीने दिलेली कमांडही लिहा. ती लपवली गेल्यामुळे भलत्या दिशेने दुरुस्ती झाल्याचं मी दोनदा पाहिलं आहे, आणि त्यातल्या एका वेळी डेटा परत आला नाही.